थांबायला वेळ आहे?

कॉलेजच्या गेटवर रोज सलाम ठोकणाऱ्या वॉचमनकाकांचं नाव माहितीये तुम्हाला? कॅन्टीनमध्ये टेबल पुसणाऱ्या मुलाचं? आणि आपल्या गावाकडच्या बोलीला सगळे हसतील म्हणून वर्गात तोंडच न उघडणाऱ्या त्या मुलीशी शेवटचं कधी बोललात?

ख्रिस्ती धर्म म्हटलं की आपल्याला नाताळचा स्टार, केक आणि कॅरल्स आठवतात. पण येशूच्या गोष्टींमध्ये भेटतात ती रस्त्यावरची माणसं. ‘माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्याने विचारल्यावर त्याने एक गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या माणसाला चोरांनी लुटून अर्धमेला केलं. तिथून आधी एक याजक गेला, मग लेवी. दोघंही देवाधर्माचे, पण दोघंही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने सटकले. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंधही ठेवत नसत, त्या समाजातला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेलं, पैसे भरले आणि वर खर्च झालाच तर परतताना तोही देण्याची हमी घेतली. म्हणजे फोटो काढून, ‘किती वाईट ना’ म्हणून तो पुढे गेला नाही!

ही गोष्ट जगून दाखवणारी एक बाई आपल्या अगदी जवळची आहे. पंडिता रमाबाई. संस्कृतच्या विदुषी असलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इथे टीकेची झोड उठली आणि पुढे त्यांच्या शारदा सदनावरूनही मोठा वाद झाला. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या आणि पुण्याजवळ केडगावला त्यांना घर दिलं. तेच मुक्ती मिशन. तिथे नुसतं जेवण मिळत नव्हतं. मुली लिहायला-वाचायला, विणायला, छापखाना चालवायला शिकल्या. अंध मुलींसाठी तिथे ‘बार्तिमी सदन’ होतं.

हे नावही बायबलमधलंच. बार्तीमय हा रस्त्याकडेला बसणारा आंधळा भिकारी. तो येशूला हाका मारायला लागला, तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. येशू मात्र थांबला आणि त्याने आधी त्यालाच विचारलं, तुला काय हवंय?

आपली गाडी इथेच अडते. एकतर आपण थांबत नाही. थांबलोच तर न विचारता सल्ले देतो. बॅकलॉग लागलेल्या मित्राला ‘अभ्यास कर ना यार’ म्हणतो. त्याच्या घरी काय चाललंय, हे विचारतच नाही.

तुम्ही दर रविवारी चर्चला जात असाल, तर हा प्रश्न तुम्हाला जास्त टोचायला हवा. प्रार्थनेत ‘आमच्या पित्या’ म्हणायचं आणि बाहेर पडताच रिक्षावाल्यावर डाफरायचं, हे जमतं कसं? आणि चर्चशी तुमचा काही संबंध नसला, तरी थांबायला कुठे बाप्तिस्मा लागतो?

तेव्हा आज एवढंच करा. कॅन्टीनमधल्या त्या मुलाला नाव विचारा. उद्या त्याच नावाने हाक मारा. आणि त्या मुलीच्या बाकावर जागा असेलच, तिथे जाऊन बसा. बोलू दे तिला, तिच्या बोलीत.