मध्ययुगाच्या अभ्यासासाठी विद्यापीठ निवडताना

इतिहासात बीए झालेला विद्यार्थी एमएसाठी विद्यापीठांची यादी करू लागतो, तेव्हा प्रथम विचार होतो तो नावाचा आणि मग वसतिगृहाचा. तेथे फारसी शिकण्याची सोय आहे का, मोडी कोण शिकवते, हे प्रश्न बहुधा प्रवेश झाल्यानंतर सुचतात. मध्ययुगीन इतिहासाच्या बाबतीत हा उलटा क्रम महागात पडतो.

मुळात 'मध्ययुग' या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नाही. भारतीय विद्यापीठांत तो साधारणपणे दिल्लीच्या सल्तनतीपासून अठराव्या शतकापर्यंतच्या काळाला लावला जातो. पाश्चात्त्य विद्यापीठांतील 'मिडिव्हल स्टडीज' मात्र ढोबळमानाने इ. स. ५०० ते १५०० एवढ्यावर थांबते. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे अवघा शिवकाल तेथे आरंभीच्या आधुनिक काळात मोडतो! लीड्स, यॉर्क किंवा टोरांटो येथील या अभ्यासक्रमांचा गाभा युरोपचा आहे. लॅटिन, हस्तलिखिते, चर्चची कागदपत्रे, तत्कालीन साहित्य यांवर तेथे भर असतो. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या टोरांटोच्या केंद्रातील लॅटिनची परीक्षा तर तिच्या काठिण्यासाठीच ओळखली जाते. युरोपच्या मध्ययुगाचीच ओढ असणाऱ्याला ही ठिकाणे उत्तम. दख्खनच्या अभ्यासकाने मात्र केवळ नावावर भाळू नये.

देशात अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची परंपरा मोठी आहे. इरफान हबीब यांचा मोगलकालीन शेतीव्यवस्थेवरील १९६३ चा ग्रंथ याच परंपरेतला. तेथील भर प्रामुख्याने मोगल काळावर आणि फारसी साधनांवर. दिल्लीच्या जेएनयूमध्ये मध्ययुगीन इतिहासात विशेष अभ्यास करता येतो; प्रवेश सीयूईटी-पीजीमार्फत होतो.

मराठ्यांच्या किंवा आदिलशाहीच्या इतिहासाकडे ओढा असेल, तर कागद कोठे आहेत हे आधी पाहिले पाहिजे. पेशवे दफ्तर पुण्यात आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातील कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तरी तो निवडक भागच. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही याच शहरात आहे. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील दख्खनचे फारसी कागद हैदराबादेत आहेत, तर पोर्तुगीज दफ्तर पणजीत. घराजवळचे म्हणून पुणे कमी लेखणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. मोडीचे वर्ग येथे विद्यापीठाबाहेरही चालतात. फारसीची सोय मात्र स्वतः उभी करावी लागण्याची तयारी हवी. सेतुमाधवराव पगडी यांनी तर प्रशासकीय नोकरी सांभाळून फारसी साधने मराठीत आणली.

पूर्वी भाषेची ही उणीव एमफिलच्या काळात भरून काढता येत असे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद झाल्याने ती उसंत आता उरलेली नाही. एमएच्या दोन वर्षांतच लिपी आणि भाषा हाती यावी लागते. त्यामुळे माहितीपुस्तिकेतील ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी पाहून हुरळून जाऊ नये. त्यांपैकी कोणते विषय यंदा प्रत्यक्ष शिकवले जाणार आहेत आणि कोण शिकवणार आहे, हे विभागात जाऊन किंवा दूरध्वनी करून विचारावे. शक्य असल्यास दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही गाठावे. शिक्षकाअभावी कागदावरच राहिलेल्या विषयांची माहिती तेथेच मिळते.