फळावाचून फळाचा सुगंध

पिकलेले केळे सोलताच जो गोड वास दरवळतो, तोच वास केळ्याच्या स्वादाच्या गोळीलाही येतो. गोळीत केळे नसले, तरी नाकाची पूर्ण फसवणूक झाली असे मात्र म्हणता येत नाही. आयसोअमाइल अॅसिटेट हे केळ्याच्या गंधातील प्रमुख द्रव्य होय. ते रसायनशाळेत तयार केले, तरी त्याचा रेणू केळ्यातल्यासारखाच असतो.

अशा द्रव्यांना एस्टर म्हणतात. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून ती उत्पन्न होतात. या संयोगाची किमया पाहण्यासारखी आहे. ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याचा दर्प असतो. पण इथाइल अल्कोहोलशी त्याचा संयोग झाला, की अननसाची आठवण करून देणारे इथाइल ब्युटिरेट निर्माण होते. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात अशी कृत्रिम फलसत्त्वे मांडलेली होती आणि रसायनज्ञ हॉफमन यांनी त्यांची दखल घेतली होती.

अत्तर बनविणाऱ्यापुढे खरा प्रश्न असतो तो गंध टिकण्याचा. इथाइल ब्युटिरेट १२१ अंश सेल्सिअसला उकळते, तर आयसोअमाइल अॅसिटेट १४२ अंशांना. दोन्ही हलकी व उडून जाणारी. कागदाच्या पट्टीवर त्यांचा थेंब टाकल्यास पहिला दरवळ मन मोहून टाकतो. पण काही तासांतच तो मालवतो.

याउलट गॅमा-अंडेकॅलॅक्टोन पाहा. उत्तरेकडे ज्याला आडू म्हणतात, त्या पीच फळाचा मऊ, सायीसारखा गंध त्याला असतो. ते २८० अंशांच्या पलीकडे उकळते. म्हणून पट्टीवर कित्येक दिवस रेंगाळते. पॅरिसच्या गेरलँ या अत्तरगृहाने १९१९ साली ‘मित्सुको’ या अत्तरात हेच द्रव्य वापरले. लॅक्टोन वर्गातील द्रव्ये आपल्या हापूस आंब्याच्या परिमळातही असतात.

या द्रव्यांची व्यापारी नावे मात्र चकवणारी आहेत. वरील द्रव्याला ‘आल्डिहाइड सी-१४’ म्हणतात. पण ते आल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनचे अणूही चौदा नसून अकरा आहेत. स्ट्रॉबेरीच्या गंधाचे ‘आल्डिहाइड सी-१६’ तसेच. त्यात कार्बनचे अणू केवळ बारा!

कुशल गंधकार हलक्या द्रव्यांकडून फळाचा ताजेपणा घेतो आणि जड द्रव्यांकडून त्याचा टिकाऊपणा. एकट्या हलक्या द्रव्यांवर उभारलेले अत्तर दुकानातच सारी शोभा दाखवून मोकळे होते. म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी फळाच्या सुवासाचे अत्तर घ्यायला जाल, तेव्हा पहिल्याच दरवळाला भुलून पैसे मोजू नका. मनगटावर एक थेंब लावा, बाजारातील इतर कामे उरका, आणि संध्याकाळी पुन्हा वास घेऊन पाहा. तेव्हा जे उरले असेल, त्याचीच किंमत आपण देणार आहात.