शंभराच्या बाँडवर हक्क संपत नाहीत

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर, हनुमाननगर, गारखेडा या पट्ट्यातली बरीच घरं चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या कंपन्यांवर चालतात. शिफ्ट सुटली की दुचाक्या बीड बायपासला, जालना रोडला लागतात. इथल्या माणसापुढे आयुष्यात दोनदा घाईघाईने कागद सरकवला जातो, ‘सही कर, विषय संपव’ म्हणत. एकदा अपघात झाल्यावर, एकदा संसार मोडताना. दोन्ही वेळी त्या कागदाला नसलेली ताकद चिकटवली जाते.

आधी अपघाताचं बघू. ‘जागेवर मिटवलं, वीस-तीस हजार घेतले, आता क्लेम करता येत नाही’ ही समजूत पक्की रुजलेली आहे. वस्तुस्थिती अशी की समोरच्या चालकाशी झालेल्या खासगी तडजोडीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार आपोआप बंद होत नाही. खरं नुकसान दुसरीकडे होतं. मिटवलं म्हणून पोलिसांत नोंद होत नाही, पंचनामा होत नाही, घाटी रुग्णालयात नेलं तरी ‘घसरून पडला’ असं लिहून घेतलं जातं. मग तीन महिन्यांनी पायातला रॉड त्रास द्यायला लागला की हातात पुरावाच नसतो. म्हणून दवाखान्यात अपघात म्हणूनच नोंद करायला सांगा आणि एफआयआरची प्रत मागून घ्या. ती फिर्यादीला फुकट मिळते, तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

‘क्लेम काय, कधीही टाकता येतो’ असं जाणती मंडळी सांगतात. त्यांच्या काळात ते खरंच होतं. १९९४ पासून मुदतीची अट नव्हती. पण दुरुस्त मोटार वाहन कायद्यातला मुदतीचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला आणि आता अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसून राहणं जोखमीचं. अपघात पुण्याजवळ झाला म्हणून पुण्याला खेटे घालायचीही गरज नाही. जखमी माणूस राहतो तिथल्या, म्हणजे इथल्याच न्यायाधिकरणात दावा चालतो.

‘गाडीवर तिघं होते, म्हणजे पैसे गेलेच.’ तिघं बसणं हा गुन्हा आहे, दंड होईल. पण तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे सिद्ध झाल्याशिवाय भरपाई कापता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. धडक देणारी गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. तो अर्ज महसूल खात्याकडे करायचा असतो.

आता आकड्यांकडे वळतो, कारण जागेवर मिटवताना नेमका हाच हिशोब कुणी सांगत नाही. समजा, बत्तीस वर्षांचा एक वायरमन आहे. स्वतःचं काम, महिना पंधरा हजार कमाई. गुडघा कायमचा अधू झाला, शिडीवर चढता येत नाही आणि न्यायाधिकरणाने त्याची कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं मानलं. वर्षाची कमाई १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. या वयाला गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. त्याचे ३० टक्के १२,०९,६००. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सोसलेला त्रास हे सगळं याच्या वर. डॉक्टरांच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतलं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. तोच गुडघा टेबलावर बसून काम करणाऱ्याचा असता, तर नुकसान कमी धरलं गेलं असतं. म्हणून आपण नेमकं कोणतं काम करतो, त्यात काय आता जमत नाही, हे दाव्यात सविस्तर यायला हवं.

संसाराच्या बाबतीत तर कागदाने कहर केला आहे. चार पंच बसतात, नोटरी शिक्का मारतो, ‘बाँडवर फारकत झाली’ म्हणून दोघं वेगळे होतात. स्टँप शंभराचा असो की पाचशेचा, हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न त्याने मोडत नाही. समाजात घटस्फोटाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते. एरवी कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. त्या बाँडच्या जोरावर दुसरं लग्न केलं तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. दोन वर्षं वेगळं राहिल्याने घटस्फोट ‘आपोआप’ होतो, हेही खोटं. दोन वर्षं सोडून जाणं हे फक्त एक कारण, तेही मांडून सिद्ध करायचं.

मुस्लिम कुटुंबांतही वेगळं नाही. ‘मी तिला कधीच तलाक दिलाय’ एवढं लेखी म्हणण्यात लिहून भागत नाही, तलाकचं कारण आणि आधी झालेला समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या याच शहरातल्या खंडपीठात पूर्णपीठाने २००२ मध्ये दिला. तिहेरी तलाक तर २०१७ पासून अवैध आहे.

या बाँडमधली सगळ्यात घातक ओळ म्हणजे ‘पोटगीवरचा हक्क सोडत आहे’. अशी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमान्य ठरवली. तरीही सही करू नये, कारण ‘दोघं राजीखुशीने वेगळे राहतात’ हे वाक्य नंतर पोटगी नाकारण्यासाठी पुढे केलं जातं. बाई कमावते म्हणून पोटगी नाहीच, हाही गैरसमज. नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र सक्तीचं केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं. माहेरचे दागिने, लग्नातला आहेर हे स्त्रीधन तिचं एकटीचं. आणि बायकोने सासर सोडलं असेल तरी ती राहते त्या गावच्या न्यायालयात तिला दावा लावता येतो.

दोन्ही विषय एकत्र येतात ते अशा घरात, जिथे बाँडवर ‘सोडलेल्या’ नवऱ्याचा पुढे अपघातात मृत्यू होतो. सासरचे म्हणतात, तुझा काय संबंध? हुकूमनामा झालेला नसेल तर ती कायद्याने पत्नीच आहे, वारस आहे, आणि भरपाईच्या दाव्यात तिचं नाव यायलाच हवं.

वकिलाच्या टक्केवारीचंही सांगायला हवं. ‘क्लेमच्या केसमध्ये वकील हिस्साच घेतो, तसा नियम आहे’ असं सर्रास सांगतात. नियम नेमका उलटा आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलची मनाई आहे. दावा लोकअदालतीत मिटवायचा असेल तर मात्र जपून. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा रकमेचा हिशोब पूर्ण कळल्यावरच तिथे हो म्हणा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. बाईला उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला नाही, आणि कारखान्यातल्या कामगारालाही नाही. १५१०० हा त्यांचा फोन.