विजेची गिटार घरी कशी करतात

तुळजापूरच्या आईचा गोंधळ तुम्ही ऐकला असेल. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हातात तुणतुणे. तुणतुण्याला असते काय? लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या बुडाला कातडे, बाजूला काठी, काठीला खुंटी आणि एकच तार. नुसत्या तारेचा आवाज हातभरही जात नाही. तार कातडे हलवते, कातडे हवा हलवते, तेव्हा तो आवाज गर्दीत ऐकू येतो.

आता ऑर्केस्ट्रातली विजेची गिटार आठवा. सहा तारा, लांब मान, पण पोट भरीव. नुसती फळीच म्हणा ना! मग आवाज येतो कुठून?

सायकलीचा डायनामो तुम्हाला ठाऊक आहे. चाक फिरले की आतले लोहचुंबक फिरते. त्याच्याजवळ तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्यात वीज तयार होते आणि दिवा लागतो. गिटारीतही तेच आहे, फक्त फार बारीक. तारांखाली लोहचुंबक बसवतात आणि त्याच्याभोवती तांब्याची तार गुंडाळतात. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात थोडीशी वीज तशीच थरथरते. ॲम्प्लिफायर ती वाढवतो आणि कर्ण्यातून आवाज निघतो. म्हणून तार पोलादीच हवी. पितळेची तार चालत नाही, चुंबकावर तिचा काही परिणामच होत नाही.

अमेरिकेत १९३२ साली असे वाद्य बाजारात आले. गोल पोट, लांब दांडा. लोकांनी त्याला तळणीचा तवा असेच नाव ठेवले!

पण घरी करता येते का? येते. इंग्लंडमधल्या ब्रायन मे या शाळकरी पोराने १९६३ साली वडिलांच्या मदतीने गिटार करायला घेतली. विकतची परवडत नव्हती. मानेला त्यांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड घेतले. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, खुणेचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. काम दोनेक वर्षे चालले. पुढे तो जगभर नावाजला आणि तीच गिटार वाजवत राहिला. आम्हाला यात त्याच्या नावापेक्षा त्या दोन वर्षांचे मोल जास्त वाटते.

आता लाकूड. ओले लाकूड मुळीच नको, ते वाळताना पिळते. जुन्या दाराचे, तुळईचे सागवान मिळाले तर उत्तम. सहा तारांची मिळून ओढ ४० ते ५० किलो असते. एवढ्या ओढीने मान वाकते. म्हणून मानेत खाच पाडून लोखंडी सळई बसवतात. हे काम गावातल्या सुताराला विचारून करावे. त्याचा रंधा आपल्या हातापेक्षा शहाणा असतो.

खरी कसोटी पडद्यांची. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या पडदे. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारीचे एकदा ठोकले की ठोकले. माप चुकले तर वाद्य जन्मभर बेसूर. हिशेब असा. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार ६५० मिलिमीटर धरा. तिला १७.८ ने भागा, ३६.५ आले. तिथे पहिला पडदा. उरले ६१३.५. त्याला पुन्हा १७.८ ने भागा, ३४.५ आले. तिथून तेवढ्यावर दुसरा. असेच पुढे. बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ वर आला पाहिजे. तिथे खालच्या सा चा वरचा सा होतो. तसा आला नाही तर हिशेब पुन्हा करा, करवत लावू नका. सगळी मापे कागदावर बेरीज करून, वरच्या पट्टीपासूनच आखा. एकेक पडदा मागच्यापासून मोजत गेले की बारीक चुका साठत जातात.

पिकअपची तार केसाएवढी बारीक असते आणि तिचे सात-आठ हजार फेरे द्यावे लागतात. जरा हिसका बसला की तुटते. विहिरीच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात फेरे मोजणारे यंत्र असते. मात्र तिथली तार जाड असते, बारीक तार वेगळी मागवावी लागते.

आता जिवाची गोष्ट. गिटारीच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याचा हात तारांवरच असतो. ॲम्प्लिफायर बिघडला आणि घरात अर्थिंग नसले तर वीज थेट हातात येते. लेस हार्वे नावाचा गिटारवादक ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधल्या स्वान्सी शहरात कार्यक्रमातच मेला. ओल्या हाताने त्याने अर्थिंग नीट नसलेला मायक्रोफोन धरला होता. आपल्याकडे प्लगची तिसरी पिन कापून काम भागवतात. तसे करू नका. आकड्याच्या विजेवर तर गिटार लावूच नका. प्रथम बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायरच घ्या.

तो जोडा, आवाज लहान ठेवा आणि पिकअपवर पेचकस हळूच टेकवा. कर्ण्यातून टक् असा आवाज आला, म्हणजे वेटोळे शाबूत आहे. मग तारा चढवा.