पुस्तकाची पारख

पनवेलजवळ कर्नाळ्याच्या रानात १९६८ साली पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले. तेथे जाताना डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांविषयीचे इंग्रजी पुस्तक जवळ असावे. ते १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झाले.

अशा पुस्तकाचे परीक्षण इंग्रजीत लिहिण्यास गुरुजींनी सांगितले, की आपण ‘धिस इज अ गुड बुक’ एवढे लिहून लेखणी खाली ठेवतो. परंतु हे झाले मत, परीक्षण नव्हे. पुस्तक चांगले का, याचे उत्तर पुस्तकातूनच द्यावे लागते.

पक्षी केवढा, हे सांगताना सालिम अली त्याची तुलना चिमणी, साळुंकी अशा ओळखीच्या पक्ष्यांशी करतात. त्यामुळे मोजपट्टीवाचून आकार ध्यानात येतो. हे झाले एक कारण. रानात शेपटीची दोन पिसे तारेसारखी लांब असलेला काळा भृंगराज पक्षी दिसला, तर पुस्तकातील वर्णन त्याच्याशी ताडून पाहावे. जुळले तर तसे लिहावे. न जुळले तर तेही निर्भयपणे लिहावे. मात्र आपलीच नजर चुकली नाही ना, याची आधी खात्री करावी.

इंग्रजी शब्द थोडे येतात म्हणून अडून राहू नये. प्रथम मित्राशी पुस्तकाविषयी मराठीत बोलावे. तो ‘कशावरून?’ असे विचारील. त्याला दिलेली उत्तरे लहान लहान इंग्रजी वाक्यांत उतरवावी. पुस्तकाचे व लेखकाचे नाव, विषय, आवडलेली गोष्ट, तिचे कारण आणि एखादी उणीव, इतके पुरे.

कारणावाचून केलेली स्तुती आणि कारणावाचून केलेली निंदा, दोन्ही सारख्याच पोकळ असतात.