सौर स्पीकर आणि आपले कान

मोकळ्या हवेत बसून ऐकण्याची हौस आपल्या इंदूरकर मराठी मंडळींना नवी नाही. कोजागरीची गच्ची, बागेतील प्रातःकालीन योगवर्ग, पावसाळी सहल या सर्व ठिकाणी आता सौरपट्टी बसवलेले छोटे बिनतारी स्पीकर दिसू लागले आहेत. ‘ग्रामीण आरोग्यशिबिरासाठी असा एखादा घ्यावा काय?’ असे काही सहव्यावसायिकांनी मला विचारले. कान-नाक-घसा ही माझी शाखा असल्याने या प्रश्नाचा दोन्ही अंगांनी विचार करावासा वाटला : यंत्राच्या आणि कानाच्या.

प्रकाशाची मिळकत

प्रकाशापासून वीज निर्माण होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ साली दाखविले. मात्र व्यवहारोपयोगी सिलिकॉन घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. त्याची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के होती. आजच्या चांगल्या पट्ट्या २० टक्क्यांच्या आसपास आहेत.

आता साधा हिशेब करू. निरभ्र दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सूर्यऊर्जा पडते. तळहाताएवढी, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरची पट्टी घेतली तर तिच्यावर १० वॅट पडतात आणि त्यांतून वीज मिळते अवघी २ वॅट. दिवसभराचे कलते ऊन धरून ही मिळकत सुमारे १० वॅट-तास होते. साठवणुकीतील घट वजा जाता ८ हाती राहतात. ३.७ व्होल्ट आणि ४००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जवळपास १५ वॅट-तासांची असते. म्हणजेच केवळ उन्हावर ती भरण्यास दोन स्वच्छ दिवस लागतात. मध्यम आवाजात १ ते २ वॅट खर्च होत असतील, तर एका दिवसाच्या उन्हावर ४ ते ८ तास श्रवण होते. ‘अखंड चालणारा’ ही जाहिरात या हिशेबात बसत नाही. शिबिरापुरता आधार मात्र नक्की मिळतो.

येथे दोन अडचणी संभवतात. पट्टीतील घट एकामागोमाग जोडलेले असल्याने एका घटावर पडलेली फांदीची सावलीदेखील साऱ्या पट्टीचे उत्पन्न घटविते. दुसरी अडचण उष्णतेची. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर भारित करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. आणि मे महिन्यातील माळव्याच्या उन्हात काळी पेटी तो सहज ओलांडते. म्हणून सौरपट्टी वेगळी आणि तारेने जोडलेली असेल तर उत्तम : पट्टी उन्हात, स्पीकर सावलीत.

उघड्यावरचा आवाज

खोलीत भिंती आवाज परतवितात. मैदानात तो दूर निघून जातो. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १ मीटरवर ८० डेसिबल असेल, तर २ मीटरवर ७४, ४ मीटरवर ६८ आणि ८ मीटरवर ६२. सामान्य संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. मागच्या रांगेची तक्रार आली की आपण आवाज वाढवितो आणि त्याचा मार पुढच्या रांगेतील बालकांच्या कानांवर बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा; ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. मुलांसाठी ४० तासांची पातळी ७५ डेसिबल आहे. अंतःकर्णातील केशपेशी मानवात पुन्हा उगवत नाहीत, हे आपणा वैद्यकांना सांगावयास नको.

उतारवयाचे कान

बागेतील श्रोतृवर्ग बहुधा साठीपुढचा असतो. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे श्रवण मंदावते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ऊर्जा क्षीण असून ती याच उच्च पट्ट्यात असते. त्यामुळे ‘ऐकू येते, पण कळत नाही’ हे वाक्य माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी नित्य ऐकतो. नुसता आवाज मोठा केल्याने स्वर गरजतात. व्यंजने हरवलेलीच राहतात. यावर उपाय असा : भाषण ऐकताना ‘बास’ कमी करावा, ‘ट्रेबल’ किंचित वाढवावा, स्पीकर बसलेल्यांच्या कानांच्या उंचीवर आणि त्यांच्याकडे तोंड करून ठेवावा. उच्च कंप्रतेचा ध्वनी सरळ रेषेत जातो. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरमधून तो पायांपाशीच अडतो.

निवड आणि वापर

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. मानवी देह बहुतांशी पाणीच. तेव्हा मोबाइल आणि स्पीकर यांच्यामध्ये गर्दी आली की आवाज तुटतो. दोहोंत १० मीटरपेक्षा कमी अंतर आणि मोकळी दृष्टिरेषा राखावी. पावसाळी सहलीसाठी ‘आयपी ६७’ दर्जा पाहावा : धूळबंद, आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा. फुगलेली बॅटरी तत्काळ वापरातून काढावी.

शिबिरात एका मोठ्या स्पीकरपेक्षा गोलाकार बैठकीच्या मध्यभागी ठेवलेला लहान स्पीकर अधिक उपयोगी पडतो. पन्नास माणसांची सभा असेल तर दोन स्पीकर दोन ठिकाणी ठेवावेत. एकाचा आवाज दुप्पट करू नये.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. स्पीकर खिशात मावतो म्हणून त्याचा आवाज या नियमांतून सुटत नाही.

ब्रिटिश संशोधक ट्रेव्हर बेलिस यांना १९९०च्या दशकाच्या प्रारंभी आफ्रिकेतील एड्सविषयीचा एक कार्यक्रम पाहताना किल्लीच्या रेडिओची कल्पना सुचली. पुढे तशा रेडिओंना सौरपट्टीही जोडली गेली. जेथे वीज पोहोचत नाही तेथे आरोग्याचा निरोप पोहोचावा, हा त्यामागील हेतू होता. आपल्या शिबिरातही त्याच हेतूने हा स्पीकर अवश्य न्यावा. मात्र शेवटच्या रांगेतील आजींना शब्द कळतो ना, आणि पहिल्या रांगेतील नातवाचा कान सुरक्षित आहे ना, हे आपण स्वतः त्या त्या जागी बसून तपासावे.