विजयदुर्गाचा हेलियम, परग्रहावरचा हेलियम

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’, म्हणजे ग्रहण-निरीक्षणाचे चौथरे, पाहताना हमखास ऐकायला मिळते. इतिहास थोडा वेगळा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, ब्रिटिश निरीक्षक लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना ठळक रेषा दिसल्या. त्याच वर्षी इंग्लंडमधून निरीक्षणे करणाऱ्या नॉर्मन लॉकियर यांनी पुढे मांडले, की त्यातली पिवळी रेषा सोडियमची नाही, नव्या मूलद्रव्याची आहे. विजयदुर्गावर लॉकियर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी.

म्हणून कट्ट्यांचे मोल कमी होत नाही. प्रकाशावरून दूरचा वायू ओळखण्याची तीच विद्या आज परग्रहांची, म्हणजे इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची, हवा तपासते.

ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो, त्याला अधिक्रमण म्हणतात. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला, तर प्रकाश सुमारे एक टक्का घटतो. त्या वेळी ताऱ्याचे थोडे किरण ग्रहाभोवतीच्या हवेतून गाळून येतात. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा भासतो आणि घट किंचित वाढते. ही वाढ कोणत्या तरंगलांबीत होते, त्यावरून वायू कळतो.

२०१८ मध्ये हबल दुर्बिणीने वास्प-१०७बी या ग्रहाभोवती हेलियम टिपला. परग्रहावर तो प्रथमच सापडत होता. इथे खूण पिवळ्या रेषेची नव्हती, १०८३ नॅनोमीटरच्या अवरक्त रेषेची होती, आणि जादा घट होती सुमारे ०.०५ टक्के. हा ग्रह आकाराने जवळपास गुरूएवढा, पण वस्तुमान गुरूच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्याची पकड सैल, म्हणून हेलियम अवकाशात निसटतो आहे.

परग्रहावरची वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड शोधायचा, तर पृथ्वीच्या हवेतले तेच वायू बराचसा तोच प्रकाश अडवतात, म्हणून दुर्बीण अवकाशात लागते. अवकाशातल्या वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये सुमारे ७०० प्रकाशवर्षांवरच्या वास्प-३९बीच्या हवेत कार्बन डायऑक्साइड निर्विवादपणे दाखवला. पृथ्वीएवढ्या खडकाळ ग्रहांचे काम याहून कठीण आहे. त्यांच्या हवेचे कडे अगदी पातळ असते, आणि ताऱ्यावरचे डागही तशीच फसवी खूण उमटवतात.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. त्या दिवशी कोकणातल्या मुलांच्या हाती साधा वर्णपटदर्शक द्यावा आणि फ्लुरोसंट दिव्याच्या प्रकाशातल्या रेषा त्यांना स्वतः ओळखू द्याव्यात. पहिला शोध कुठे लागला या अभिमानापेक्षा तो कसा लागतो हे कळणे अधिक मोलाचे आहे.